शेवटच्या काळाची शिकवण आणि शोक करणाऱ्यांची आशा: आईच्या निधनानंतर पडलेले प्रश्न

सदरवासी

सर्वांना जय ख्रिस्त.

आमचे कुटुंब नागपुरात सदर भागात राहते आणि सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीच्या उपासनेला जाते. यंदा उन्हाळ्यात आईचे कर्करोगाने निधन झाले. रोग हाडांपर्यंत पोहोचला होता आणि अखेरच्या दिवसांत तिला कुशीवर वळवतानासुद्धा ती कळवळत असे. माझी आत्या गेल्या काही वर्षांपासून एका वेगळ्या प्रार्थनासंगतीत जाते. अंत्यविधीनंतर त्या संगतीतील काही बंधू-भगिनी सांत्वनासाठी घरी आले. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु बोलण्याचा सगळा ओघ युद्धे, भूकंप, साथीचे रोग आणि मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील वेदनांचा आरंभ याकडेच वळत राहिला. त्यांनी एक तक्ताही दाखवला. त्यात बायबलमधील दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील आकडे मांडून प्रभूच्या येण्याचा काळ जवळजवळ निश्चित केलेला होता. निघताना त्यांच्यापैकी एकजण वडिलांना म्हणाले की, जो जागृत आहे तो रडत बसत नाही. त्या दिवसापासून वडील या विषयावर कोणाशीच बोलत नाहीत.

वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला समजून घ्यायचे आहे ते असे: शोक करणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे काय? आई आत्ता कोठे आहे, याविषयी पवित्र शास्त्र नेमके काय सांगते? आणि आमची आशा त्या तक्त्यावर, म्हणजे शेवट केव्हा येणार या हिशेबावर, अवलंबून आहे काय?

जुना संडे स्कूल शिक्षक

आपल्या आईविषयी वाचून फार वाईट वाटले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे, म्हणून ते आधी देतो.

ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिले. शोकच करू नये, असे त्याने लिहिलेले नाही. ते पत्र इ.स. ५० च्या सुमाराचे आहे आणि नव्या करारातील अगदी आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. प्रभू येण्यापूर्वीच आपली काही माणसे मरण पावली, आता त्यांचे काय होणार, या काळजीने तेथील लोक व्याकूळ झाले होते आणि त्यांना धीर देण्यासाठीच पुनरागमनाविषयीचा तो उतारा लिहिला गेला. त्याचा शेवटही एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगून होतो. शोकाकुल माणसाला गप्प करण्यासाठी नेमकी तीच शिकवण वापरली जावी, हे मला अतिशय खटकते. स्वतः येशू लाजराच्या कबरेपाशी रडला; थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत, हे ठाऊक असतानाही रडला.

आता तक्त्याविषयी. प्रकटीकरणाचे पुस्तक पात्म बेटावरून आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील, सात मंडळ्यांना पाठवले गेले. रोमी सम्राट डोमिशन याच्या राजवटीच्या अखेरीस, म्हणजे पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या मंडळ्यांतील माणसे छळाच्या छायेत जगत होती. स्मुर्णा येथील मंडळीला त्यात स्पष्ट सांगितले आहे की, तुमच्यावर क्लेश येतील, तुमच्यापैकी काहींना तुरुंगात टाकले जाईल, तरी मरेपर्यंत विश्वासू राहा. पुढे दुसऱ्या शतकात त्याच स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाला. हे पुस्तक प्रथम ज्यांच्या हाती पडले, त्यांना आपल्या काळातील राष्ट्रांची आणि युद्धांची सांकेतिक यादी मिळून काय लाभ होणार होता? त्यांना हवे होते ते एकच आश्वासन: जगाचा कारभार सम्राटाच्या हाती नाही, वधलेल्या कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, हाती आहे.

आपल्या वडिलांसाठी मी त्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून ठेवीन. देवाच्या हातातील गुंडाळीचा पाचवा शिक्का फोडला जातो तेव्हा वेदीखाली हुतात्म्यांचे आत्मे दिसतात आणि ते मोठ्याने विचारतात, हे प्रभू, आणखी किती काळ? हे लोक विश्वासात उणे नव्हते. विश्वासासाठीच त्यांनी प्राण दिला होता, आणि देवासमोर पोहोचल्यावरही ते विचारत आहेत. त्यांना कोणी दटावत नाही. शुभ्र झगे दिले जातात आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या, असे सांगितले जाते. तारीख मात्र त्यांनाही सांगितली जात नाही. जे वेदीखालच्या हुतात्म्यांना सांगितले गेले नाही ते आपल्या गल्लीतील तक्त्यात उतरले असेल, असे मानणे मला जड जाते.

तारखा ठरवण्याचा इतिहासही फारसा उत्साहवर्धक नाही. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो दिवस उजाडला आणि मावळला. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील उपदेशकाने २१ मे ही तारीख जाहीर केली, आणि तिचेही तेच झाले. मत्तयाच्या ज्या चोविसाव्या अध्यायाचा आधार घेतला जातो, त्यातच त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने म्हटले आहे.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्यावर मात्र मंडळीत आरंभापासून मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक मतभेद आहेत. दुसऱ्या शतकात जस्टिन हुतात्मा स्वतः पृथ्वीवरील सहस्र वर्षांच्या राज्याची वाट पाहत होता, तरीही अनेक धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांचे मत वेगळे आहे, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. पाचव्या शतकात ऑगस्टिनने ती हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या व दुसऱ्या आगमनामधील मंडळीचा काळ, असा अर्थ लावला. (माझा कल त्याच्याकडे आहे, हे लपवत नाही.) विश्वासणाऱ्यांना महासंकटापूर्वीच, म्हणजे शेवटच्या काळातील मोठ्या क्लेशापूर्वीच, गुप्तपणे वर उचलून घेतले जाईल, ही मांडणी मात्र प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यामुळे रूढ झाली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांसह असलेल्या बायबलने ती घरोघर पोहोचवली. आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. स्थापन झाली, तेव्हा विश्वासाचा पाया म्हणून प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोन मतांगीकार, म्हणजे विश्वासाची संक्षिप्त विधाने, स्वीकारले गेले. येशू न्याय करण्यासाठी पुन्हा येईल, मृतांचे पुनरुत्थान होईल, त्याच्या राज्याचा अंत होणार नाही, हे सारे त्यांत आहे. वेळापत्रक त्यांत नाही.

आई कोठे आहे? वधस्तंभावरील चोराला प्रभूने सांगितले की, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आणि देह सोडून ख्रिस्ताजवळ असणे फार चांगले, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो. म्हणून ती प्रभूजवळ आहे, असे आपण म्हणतो. पण ख्रिस्ती आशा तेथे थांबत नाही, आणि आपल्या घरच्या दुःखात हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल देहापासून सुटकेची नव्हे, तर देहाच्या मुक्तीची वाट पाहतो, आणि तीही कण्हत पाहतो. सारी सृष्टी आपल्याबरोबर कण्हत आहे, असे म्हणतो. ज्या हाडांना ती यातना झाली तो देह देवाच्या दृष्टीने टाकून देण्याची वस्तू नाही. प्रकटीकरणाच्या अखेरीस माणसे पृथ्वी सोडून पळून जात नाहीत. पवित्र नगरी खाली उतरते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. अश्रू पुसण्याचे वचन त्याच ठिकाणी आहे.

जर्मन ईश्वरविज्ञानी युर्गेन मोल्टमान यांचे उदाहरण येथे लागू पडते. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बॉम्बहल्ल्यात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला. ते स्वतः वाचले. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडमधील छावणीत असताना त्यांच्या हाती बायबल आले. त्यातील विलापाची स्तोत्रे, आणि माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ही मार्काच्या शुभवर्तमानातील येशूची आरोळी यांनी त्यांना धरून ठेवले. आशेच्या ईश्वरविज्ञानासाठी ते १९६४ पासून जगभर ओळखले गेले, आणि त्या विचाराचा उगम भविष्याच्या हिशेबात नव्हे तर या आरोळीत होता.

निवृत्त परिचारिका, मोहननगर

मी ईश्वरविज्ञान शिकलेले नाही. कर्करोगाच्या वॉर्डात बरीच वर्षे काम केले, तेवढ्याच अनुभवावर लिहिते.

बायबलमधील ईयोबावर संकटे कोसळली आणि त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोपर्यंत त्यांचे सगळे बरोबर होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागल्यावर ते चुकले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. तक्रार करणाऱ्या ईयोबावर झाला नाही. सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाने घरून निघण्यापूर्वी एवढे वाचावे.

दुसरी गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी सांगते. काही नातेवाईक रुग्णाला मॉर्फिन देऊ देत नाहीत. वेदना सोसल्याने विश्वासाची परीक्षा होते, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. दुःखसहनाने धीर आणि धीराने आशा निर्माण होते, असे पौल लिहितो खरे, पण औषध नाकारा, असे तो लिहीत नाही. आपल्या आईला वेदनाशामक दिले असेल, तर त्याबद्दल मनात काहीही शंका ठेवू नका. वडिलांना सध्या एकटे सोडू नका.

जरीपटक्याचा बंधू

शिक्षक महोदयांनी आदराने लिहिले आहे, म्हणून मीही आदरानेच मतभेद नोंदवतो. महासंकटापूर्वी प्रभू आपल्या मंडळीला उचलून घेईल, असे मी मानतो आणि माझ्या पाळकांनी मला तसेच शिकवले आहे.

सर्वप्रथम, ताईंच्या किंवा दादांच्या घरी (प्रश्नकर्ते कोण आहेत, हे नावावरून कळत नाही) जे बोलले गेले ते चुकीचेच होते. तारीख ठरवणे ही आमचीही शिकवण नाही. परंतु काही लोक तक्ते काढतात, म्हणून पुनरागमनाची वाट पाहणेच वेडेपणाचे आहे, असा सूर अलीकडे अनेक मोठ्या मंडळ्यांत ऐकू येतो, आणि तो मला तितकाच घातक वाटतो. आमच्या वस्तीत अशी माणसे आहेत, ज्यांना या जन्मी न्याय मिळण्याची काहीच शक्यता नाही. प्रभू खरोखर, दृश्य रूपाने येणार आणि हिशेब पुरा होणार, हे त्यांना सांगता आले नाही तर त्यांच्यापुढे उभे राहून काय सांगायचे? ज्याचे पोट भरलेले आहे त्याला प्रकटीकरण हे रूपक वाटणे सोपे आहे.

दुसरे असे की, ही शिकवण डार्बींनी हवेतून काढलेली नाही. फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे वचन प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेले नाही, असे थेस्सलनीकाकरांच्याच पत्रात पुढे लिहिले आहे. मात्र महासंकटातून सुटका म्हणजे आजार आणि मरण यांतून सुटका, असा अर्थ कोणी लावत असेल, तर त्याने आमची शिकवण नीट ऐकलेली नाही. जगात तुम्हांला क्लेश होतील, असे प्रभूने शिष्यांना सरळच सांगितले होते. माझी स्वतःची पत्नी आजारी असते आणि आम्ही दोघेही वाट पाहतो.

सेमिनरी हिल्सचा वाचक

मी कॅथलिक आहे, म्हणून आमची बाजू थोडक्यात मांडतो.

पृथ्वीवरील सहस्र वर्षांच्या राज्याची शिकवण आमच्या धर्मसभेने स्वीकारलेली नाही. तिचे सौम्य रूपही निर्धोकपणे शिकवता येणार नाही, असा निर्णय रोमने १९४४ मध्ये दिला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात असेही म्हटले आहे की, ख्रिस्ताच्या आगमनापूर्वी धर्मसभेला एका अंतिम परीक्षेतून जावे लागेल. म्हणजे जरीपटक्याच्या बंधूंना अपेक्षित असलेली आधीची सुटका आम्हांला अपेक्षित नाही.

मंडळी वर उचलली जाण्याच्या शिकवणीला थेस्सलनीकाकरांच्या पत्रातील ज्या वाक्याचा आधार घेतला जातो, त्याविषयी एक विचार मांडतो. विश्वासणारे ढगांत प्रभूला सामोरे जातील, असे पौल लिहितो. पण तेथून पुढे ते कोठे जातील, हे त्या वाक्यात नाही. चौथ्या शतकातील संत जॉन क्रिसोस्तम यांनी या ठिकाणी राजा नगरात येतो तेव्हा मानाची माणसे त्याला सामोरी जातात, असा दृष्टान्त दिला. आपल्याकडे लग्नात सीमांतपूजन होते, त्यासारखेच हे आहे: वधूकडची मंडळी वेशीपर्यंत जातात ती वराला वाजतगाजत आत आणण्यासाठी, त्याच्याबरोबर गाव सोडून जाण्यासाठी नव्हे. दहा कुमारींच्या दृष्टान्तातही वराला सामोरे जाऊन लग्नघरीच परतायचे आहे. त्यामुळे थेस्सलनीकाकरांच्या पत्रातील तो उतारा पृथ्वीवरून पलायनाचा नसून राजाच्या स्वागताचा आहे, असे मला वाटते.

मृतांविषयी आमच्यात आणि प्रोटेस्टंट बांधवांत फरक आहे. आम्ही शुद्धिस्थान, म्हणजे मरणानंतर आत्म्याचे शुद्धीकरण होण्याची अवस्था, मानतो, म्हणून मृतांसाठी प्रार्थना करतो, आणि २ नोव्हेंबरला कबरस्तानात जाऊन कबरींवर मेणबत्त्या लावतो. ही आपल्या घरची परंपरा नसेल. तरीही आईचे नाव प्रार्थनेत घेत राहण्यात वडिलांना आधार वाटत असेल, तर त्यांना अडवू नये, एवढेच सुचवतो.

ख्रिस्ती आशेबद्दल पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जे परिपत्रक काढले, त्याच्या आरंभीच त्यांनी जोसेफिन बखिता या सुदानी स्त्रीचे उदाहरण दिले आहे. लहानपणी तिला पळवून गुलाम म्हणून वारंवार विकले गेले, आणि मारहाणीचे १४४ व्रण तिच्या अंगावर आयुष्यभर राहिले. इटलीत पोहोचल्यावर तिला जो प्रभू कळला त्यालाही फटके बसले होते, हे तिच्यासाठी निर्णायक ठरले. जगाच्या अंताचा कोणताही हिशेब तिला ठाऊक नव्हता, तरी आपली वाट कोणीतरी पाहत आहे, या खात्रीवर ती जगली. २००० मध्ये तिला संतपद मिळाले.

सदरवासी

सर्वांचे मनापासून आभार. (जरीपटक्याच्या बंधूंसाठी: मी मुलगी आहे.) शिक्षक काकांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. वेदीखालच्या आत्म्यांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. आत्यानेही हे सारे वाचले. त्या तक्त्याचा आग्रह ती आता धरत नाही. मात्र बंधूंनी लिहिलेला न्यायाचा मुद्दा तिला पटला आहे, आणि मलाही तो सोडवत नाही.

वडिलांनी विचारलेला एक प्रश्न येथे मांडते. सर्व अश्रू पुसले जाणार असतील, तर आईला तिने सोसलेले आठवेल काय? आठवले तर ते सुख कसले, आणि आठवले नाही तर ती आईच कशी? शिवाय पुढील महिन्यात घरी स्मरणप्रार्थना आहे. तिच्यात काय वाचावे, हेही सुचवावे.

जरीपटक्याचा बंधू

ताई, क्षमस्व. सीमांतपूजनाचा दृष्टान्त विचार करण्यासारखा आहे. तरी फिलदेल्फियाच्या वचनाचे उत्तर त्यातून मिळत नाही, असे माझे मत कायम आहे. ती चर्चा वेगळी करू. वडिलांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. शिक्षक महोदयांनी लिहावे.

जुना संडे स्कूल शिक्षक

ताई, वडिलांचा प्रश्न जुना आहे आणि मोठ्या माणसांनी त्याच्याशी झुंज घेतली आहे. यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात पूर्वीच्या गोष्टी आठवणार नाहीत, असे देव म्हणतो. दुसरीकडे, पुनरुत्थानानंतर येशूने थोमा या शिष्याला आपल्या हातांचे आणि कुशीचे घाव दाखवले, आणि प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात सिंहासनापाशी उभा असलेला कोकरा वधलेल्यासारखा दिसतो. देवाने मरणावर जय मिळवला, पण घाव पुसून टाकले नाहीत.

ऑगस्टिनने 'देवाचे नगर' या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या खंडात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. त्याचे उत्तर असे की, सोसलेले दुःख दोन प्रकारांनी ठाऊक असते: एक वैद्याला रोग ठाऊक असतो तसे, आणि दुसरे रोग्याला तो भोगताना ठाऊक असतो तसे. नव्या जीवनात पहिले ज्ञान राहील, दुसरे नाहीसे होईल. आपण कशातून सोडवले गेलो हेच आठवले नाही, तर सोडवणाऱ्याची स्तुती कशी करणार, असा त्याचा युक्तिवाद आहे. हुतात्म्यांच्या देहावरील घावांच्या खुणा बहुधा राहतील आणि त्या विद्रूप नव्हे तर शोभिवंत दिसतील, असेही त्याने त्याच खंडात लिहिले आहे. हे शास्त्रवचन नाही, एका विचारी बिशपाचे मत आहे. पण यशया आणि थोमा या दोघांनाही न्याय देणारे दुसरे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्या आईला आपली मुलगी रात्र रात्र उशाशी बसली होती, हे आठवेल आणि हाडांतील कळ मात्र पुन्हा जाणवणार नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

स्मरणप्रार्थनेत रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय अठराव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा, आणि वडिलांना झेपत असेल तर तेरावे स्तोत्र त्यांनाच वाचू द्या. तेही, हे परमेश्वरा, किती काळ, या प्रश्नानेच सुरू होते. प्रकटीकरणातून वाचायचे असल्यास सहाव्या अध्यायातील पाचवा शिक्का आणि एकविसाव्या अध्यायाची पहिली पाच वचने एकापाठोपाठ घ्या. नुसता एकविसावा वाचला तर वडिलांच्या तक्रारीला जागा राहत नाही, आणि नुसता सहावा वाचला तर तिला उत्तर मिळत नाही. आत्याबाईंना त्यांपैकी एक वाचन अवश्य द्या.